अकरा दिवसांची धूळ, एकावन्न टनांचं वजन

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'काका, १/३५ मापाचं सेंच्युरियनचं किट बांधलंय. १९७१च्या बसंतरच्या लढाईतला पूना हॉर्सचा रणगाडा करायचा आहे. व्हिडिओ बघून चिपिंग केलं, म्हणजे रंगाचे टवके उडाल्यासारखं दाखवलं, गंज दिला, आमच्या शेतातली खरी माती लावली. सगळं केलं, तरी एका बाजूने तो भंगारात टाकलेला वाटतो आणि दुसऱ्या बाजूने खेळण्यातला. वजनच जाणवत नाही. काय चुकलं? आणि त्यावर 'फामागुस्ता' नाव घालू का?'

सोबतचे फोटो मी निवांत बघितले. हात चांगला आहे तुझा. सांधे स्वच्छ आहेत, एअरब्रशचा थर पातळ बसलाय. चूक कारागिरीत नाहीच. ती दोन ठिकाणी आहे. एक, तुझी गाडी जमिनीवर टेकलेलीच नाही. दोन, तिच्यावरच्या खुणा कुणी केल्या आणि कधी केल्या हे तू ठरवलेलं नाहीस. (रेजिमेंटमध्ये रणगाड्याला 'गाडी'च म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितो.)

मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती करणाऱ्या शाखेत होतो. चोवीस वर्षं चिलखती रेजिमेंटांबरोबर काढली, त्यातली बरीचशी विजयंता रणगाड्याच्या पोटात शिरून. सेंच्युरियनवर मी नोकरी केली नाही, पण ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं ते उस्ताद सेंच्युरियनवर वाढलेले होते. विजयंता आणि सेंच्युरियन या दोन्ही ब्रिटिश घराण्यातल्या गाड्या. नोकरी संपल्यावर मॉडेल बनवायला लागलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

रंगाची बाटली उघडण्याआधी तारखांचा हिशेब कर. बसंतर नाला ज्या भागात आहे त्या शकरगड आघाडीवर आपलं आक्रमण ५ डिसेंबर १९७१ला सुरू झालं आणि बसंतरची मुख्य रणगाडा-लढाई १६ डिसेंबरची. म्हणजे तुला जी गाडी करायची आहे तिच्या अंगावर युद्धाचे अकरा-बारा दिवस आहेत. त्याआधीचे कित्येक महिने ती रेजिमेंटच्या हातात होती. रोज सकाळी पुसली जात होती, ग्रीसिंग होत होतं, आठवड्याला कुणीतरी वरिष्ठ येऊन बोट फिरवून धूळ बघत होता. अशा गाडीवर पापुद्रे सुटलेला जुना गंज येईल कुठून? तू दिलेला गंज दहा पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीचा आहे. म्हणून ती तुला भंगारातली वाटते, आणि तुझी नजर बरोबर सांगतेय.

आता गाडीची ओळख, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सेंच्युरियनचं आरेखन ब्रिटनमध्ये १९४३ साली सुरू झालं. पहिल्या गाड्या मे १९४५मध्ये युरोपात पोचल्या तेव्हा तिथलं युद्ध संपलेलं होतं. इंजिन रोल्स-रॉइस मीटिऑर, बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं, ६५० अश्वशक्तीचं आणि पेट्रोलवर चालणारं. स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचं हे जमिनीवरचं भावंड. भारताकडे आलेल्या गाड्यांत मार्क ७, म्हणजे तिची सातवी आवृत्ती, मोठ्या संख्येने होती. वजन सुमारे ५१ टन, चालवणारे चारजण. १९६५च्या सप्टेंबरमध्ये याच गाड्यांनी फिलोरा आणि चाविंडाच्या मैदानात अमेरिकी बनावटीच्या पॅटनना तोंड दिलं. पूना हॉर्सचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर जखमी असूनही मागे गेले नाहीत आणि १६ सप्टेंबरला बुतूर डोगरांडीजवळ धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची. रेजिमेंटच्या नावातलं पूनाही आपलंच. तिची मुळं १८१७ साली पेशवे आणि कंपनी यांच्यातल्या करारानुसार पुण्यात उभ्या केलेल्या घोडदळात आहेत. त्यामुळे सांगलीत बसून तू या रेजिमेंटचा रणगाडा करतोयस, याचं मला मनापासून बरं वाटलं.

आधी वजनाचं बघू.

तुझी गाडी एका सपाट फळीवर उभी आहे आणि डाव्या बाजूची दोन चाकं ट्रॅकला टेकलेली नाहीत. फोटोत केसाएवढी फट दिसते. ५१ टनांच्या गाडीत ती फट कधीच दिसणार नाही. सेंच्युरियनला दर बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्यांत, हॉर्स्टमन पद्धतीच्या स्प्रिंगांवर बसवलेली. जमीन उंचसखल असेल तशी प्रत्येक जोडी आपापली वर-खाली होते. म्हणून चाकं आधी पक्की चिकटवून मग गाडी तळफळीवर ठेवायची नाही. आधी जमीन तयार करायची, ती ओली असताना गाडी हलक्या हाताने दाबून बसवायची, चाकं जमिनीप्रमाणे वळू द्यायची आणि मग सांध्यांत पातळ गोंद सोडायचा. माझी परीक्षा सोपी आहे: फुलस्केप कागदाची पट्टी घेऊन प्रत्येक चाकाखाली सरकवून बघायची. एकाही चाकाखाली ती शिरता कामा नये.

दुसरं, ट्रॅकचा झोल. सायकलची चेन आठव. पेडलजवळचं दातेरी चक्र चेन ओढतं, म्हणून चेनचा वरचा भाग ताठ आणि खालचा सैल असतो. सेंच्युरियनचं ओढणारं चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, मागे आहे. गाडी पुढे जाताना ते जमिनीवरचा ट्रॅक मागून वर उचलतं. त्यामुळे शेवटच्या चाकापासून स्प्रॉकेटपर्यंतचा तुकडा ताठ, आणि वरून पुढे परत जाणारा ट्रॅक सैल. वरचे छोटे रोलर त्याला आधार देतात, म्हणून झोल मोठा नसतो. दोन रोलरांच्या मधे किंचित लवतो, आणि सर्वांत पुढच्या रोलरनंतर पुढच्या आयडलर चाकाकडे जाताना जरा जास्त. तू ट्रॅक वरखाली सगळीकडे सारखा ताणून बसवलायस, म्हणून तो रबरी पट्ट्यासारखा दिसतो. या गाडीचा ट्रॅक पोलादी, ६१ सेंटिमीटर रुंद, एका बाजूला शंभराहून थोड्या जास्त कड्या. एक कडी हातात घेतलेला माणूस तिला रबरासारखं रंगवणार नाही. आम्ही ट्रॅक तोडायचो तेव्हा पिन घणाने ठोकून बाहेर काढावी लागायची, आणि संध्याकाळी जेवायला बसताना हाताची मूठ पूर्ण मिटत नसे.

ट्रॅकचा रंगही त्यातूनच येतो. तो रंगवलेला नसतो, चालून घासलेला असतो. बाहेरच्या बाजूला जमिनीत रुतणारे उंचवटे मंद चमकतात. आतल्या बाजूला चाकांचे रबर जिथून धावतात तिथे दोन गुळगुळीत काळपट पट्टे पडतात. मधले शिंगासारखे मार्गदर्शक दात दोन्ही कुशींनी उजळलेले, स्प्रॉकेटचे दातही तसेच. बाकी सगळीकडे धुळीने भरलेला तपकिरी करडा. नारिंगी गंज नको. चालत्या ट्रॅकवर गंज टिकत नाही, एका रात्रीच्या दवाने आलेला सकाळच्या पहिल्या शंभर मीटरमध्ये निघून जातो.

तिसरं, रुतणं. ५१ टन वजन दोन ट्रॅकच्या जमिनीला टेकलेल्या भागावर वाटलं, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलो दाब येतो. आकडा ऐकायला लहान आहे, कारण ट्रॅक असतोच वजन पसरवायला. पण नाल्याकाठच्या भुसभुशीत गाळात हात-दीड हात नाही तरी चार बोटं चाकोरी पडतेच. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर धर, तुझ्या मापात दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटर खोल चाकोरी, तिच्या दोन्ही कडांना उचललेली माती आणि मागे प्रत्येक कडीचा ठसा. एवढं केलंस की अर्धं वजन तिथेच जाणवायला लागेल.

उरलेलं अर्धं वजन जाडीत आहे. १/३५ मापात १ मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे ३५ मिलिमीटर पोलाद. या गाडीच्या पुढच्या उतरत्या चिलखताची जाडी ७६ मिलिमीटर, तुझ्याकडे ती दोन मिलिमीटरच्या वर दिसायला हवी, आणि किटमध्ये तशी दिसते. पण बाजूला लटकणारे पडदे, म्हणजे बझूका प्लेट, आणि मडगार्ड हे पत्रे आहेत. किटमध्ये तेही जाडजूड येतात, कारण साच्याला तेवढी जाडी लागते. त्यांच्या कडा मागच्या बाजूने तासून ब्लेडसारख्या पातळ कर. एक-दोन ठिकाणी पक्कडने हलकेच वाकव. पुढच्या मडगार्डचा कोपरा आणि पडद्याची खालची कड आधी मार खाते, बांधाला घासून, झाडाला घासून, शेजारच्या गाडीला घासून. पातळ ते पातळ दिसलं की शेजारचं जाड आपोआप जड दिसतं. महागड्या धातूच्या पत्र्यांचा संच आणण्याआधी हे कर, यात फक्त सॅंडपेपर लागतो.

टरेटचा, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाचा, पृष्ठभागही बघ. सेंच्युरियनच्या टरेटचा मुख्य भाग ओतीव आहे आणि छत वेल्ड केलेलं. हल, म्हणजे खालचं मुख्य धड, मात्र लाटलेल्या प्लेटा जोडून केलेली. ओतीव पोलादाला खरखर असते, लाटलेल्याला नसते. पातळ पुट्टी जुन्या ब्रशने टोचत टरेटच्या बाजूंना लाव, सुकल्यावर सॅंडपेपरने किंचित बसव, आणि छत आणि हल गुळगुळीत ठेव. या फरकानेच नजर म्हणते की हे दोन वेगळे भाग आहेत.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. गडद हिरवा घे आणि त्यात थोडा फिका मिसळ. मॉडेल आपण साधारण एका फुटावरून बघतो, म्हणजे खरी गाडी दहा-अकरा मीटरवरून बघितल्यासारखं. तेवढ्या अंतरावर हवा रंग फिका करते. नेमक्या छटेवरून लोक तासन्तास वाद घालतात. त्या काळातली आपली बहुतेक छायाचित्रं कृष्णधवल आहेत, त्यामुळे छटेपेक्षा उजेड-अंधाराचा तोल जास्त महत्त्वाचा. आणि आत्ता पावसाळ्यात लॅकर मारू नकोस. दमट हवेत त्यावर दुधाळ साय चढते. दुपारी ऊन पडेल त्या दिवसाची वाट बघ.

चिपिंग जवळजवळ सगळं काढून टाक. तू कडा-कडांना चांदीचे ठिपके दिलेस. एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा टवका, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा. असे दोनशे टवके एका गाडीवर असतील तर तिच्या ड्रायव्हरला कमांडरने उभं केलं असतं. शिवाय चिलखताच्या पोलादाचा रंग चांदीचा नसतो. ओरखडा पडला की पहिल्या दिवशी तो करडा चमकतो आणि एका रात्रीच्या दवाने तपकिरी होतो. म्हणून मोजके ओरखडे, गडद तपकिरी रंगाने, आणि प्रत्येकाचं कारण ठरवून. हॅचच्या, म्हणजे आत शिरायच्या झाकणाच्या, कडेला, जिथे बूट आणि बेल्टचं बकल घासतं. मडगार्डवर, जिथे पाय ठेवून वर चढतात. टूल ठेवायच्या पेट्यांच्या झाकणांना, रस्सा ओढायच्या हुकांना, जेरीकॅनच्या चौकटीला. माणसाचा हात-पाय जिथे रोज पोचत नाही तिथला रंग शाबूत असतो. टरेटच्या मागच्या भिंतीवर मधोमध टवका का बरं असेल?

खरा गंज एका जागी दे, सढळ हाताने: मागच्या मडगार्डांवर दोन्ही बाजूंना असलेल्या सायलेन्सरांवर. तिथला पत्रा रोज तापतो, रंग जळून जातो, दव पडतं, पुन्हा तापतो. मंद, कोरडा, लालसर तपकिरी, त्यावर धूळ, आणि तोंडाशी काजळी.

आता मातीकडे येतो. मला सगळ्यांत जास्त हेच सांगायचं आहे.

तू कृष्णाकाठच्या शेतातली काळी माती लावलीस. श्रम घेतलेस, चाळलीस, भाजलीस, हे दिसतं. पण ती सांगलीची माती आहे. बसंतर नाला रावी आणि चिनाब यांच्या मधल्या दुआबात वाहतो. तिथली जमीन हिमालयातून वाहून आलेल्या गाळाची: बारीक, वाळूमिश्रित, फिकट. वाळली की कणकेत चिमूटभर राख मिसळल्यासारखा तिचा रंग, भिजली की करडा तपकिरी. आपल्याकडचे मॉडेल करणारे नकळत पायाखालची माती लावतात. कोकणातला माणूस जांभ्याची लाल लावतो, नगरकडचा मुरमाची तांबूस, तू काळी. नगरजवळच्या के. के. रेंज या सरावाच्या मैदानाच्या मुरमात आमच्या गाड्या दोन तासांत तांबड्या व्हायच्या, मग त्याच रेजिमेंटच्या गाड्या पंजाबात गेल्या की आठवड्यात फिक्या पडायच्या. जाणता माणूस गाडीची धूळ बघून सांगायचा ती कुठल्या मुलखात चालून आली आहे.

नुसता रंग नाही, वागणूकही वेगळी. काळी माती चिकट, ती गोळे होऊन चाकांत बसते आणि वाळली की दगड होते, घणाने फोडावी लागते. गाळाची माती ओली असताना लापशीसारखी चढते, वाळली की पापडासारखी सुटून पडते आणि मागे पिठासारखा पातळ थर ठेवते. म्हणून तू चाकांवर जे जाड गोळे लावलेस ते काढ. त्याऐवजी किराणा दुकानातून मुलतानी माती आण. महागड्या पिगमेंटपेक्षा ती इथे खरोखर चांगली चालते. तीन भाग मुलतानी माती, एक भाग चाळलेली चुलीची किंवा उदबत्तीची राख आणि किंचित तपकिरी पावडर रंग. कोरडी बसवायची असेल तर ब्रशने टाकून वरून पातळ थिनर सोड. ओली हवी असेल तर तीच पावडर, थोडी बारीक वाळू आणि मॅट वार्निश. पहिल्यांदा जुन्या डब्यावर करून बघ, कारण वाळल्यावर ती बरीच फिकी होते.

ती कुठे बसते ते क्रमाने सांगतो, कारण इथेही वेळेचा हिशेब आहे. आधीचे दहा दिवस गाडी धुळीतून चालली. धूळ आडव्या जागांवर बसते: टरेटचं छत, इंजिनाचा डेक, पुढचा उतार, पेट्यांची झाकणं. रांगेतल्या मागच्या गाड्यांवर पुढच्यांची धूळ जास्त. डिसेंबरात पंजाबात पहाटे भरपूर दव पडतं. ते धुळीवरून ओघळतं आणि उभ्या बाजूंवर बारीक फिके ओघळ सोडतं. हे पातळ ऑइल रंगाने वरून खाली ओढ, आखूड आणि असमान. मग १५ तारखेच्या रात्री पूना हॉर्सच्या गाड्या सुरुंगांच्या पट्ट्यातून गेल्या. इंजिनिअरांनी वाट पूर्ण मोकळी करण्याआधीच, कारण पलीकडे पोचलेल्या पायदळाला रणगाड्यांची गरज होती. अरुंद वाट, एकामागून एक गाडी, त्याच त्या चाकोऱ्या. अशा वेळी चिखल लागतो तो खालून: चाकांच्या मधल्या भागाला, पडद्यांच्या आतून, मागच्या मडगार्डखाली, स्प्रॉकेटच्या भोवती. चाकाच्या रबराची कड मात्र सतत घासून स्वच्छ राहते. तू नेमकी तीच चिखलाने भरलीस. टरेटवर चिखल येतो तो फक्त बुटांनी, म्हणून तिथे पावलांचे ठसे दे, शिंतोडे नकोत. चढायच्या जागेपासून हॅचपर्यंत चार-पाच पावलं, त्यातली एक-दोन अर्धवट पुसलेली.

मग सकाळी त्या ओल्या थरावर पुन्हा कोरडी धूळ. जर्पालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांचे प्रतिहल्ले सकाळी आठच्या सुमारास धुराच्या पडद्याआडून सुरू झाले, तोपर्यंत गाड्या मोर्चा घेऊन उभ्या होत्या. हे थर वेगवेगळे दिसले पाहिजेत. सगळं एकदम एकाच रंगात फासलं की ते कालवलेलं दिसतं.

इंधनाच्या डागांत तू विजयंताचं किंवा टी-५५चं मॉडेल बघून चूक केलीस असं वाटतं. डिझेल सांडलं की काळा, ओला, चकाकता डाग पडतो, त्यावर धूळ बसत जाते आणि तो कित्येक दिवस तसाच राहतो. सेंच्युरियन पेट्रोलची. पेट्रोल सांडलं की तिथली धूळ धुऊन नेतं आणि मिनिटांत उडून जातं. मागे उरते स्वच्छ, गडद हिरवी जागा आणि तिच्या कडेला जमलेल्या धुळीची रेघ. म्हणजे इंधन भरायच्या तोंडाजवळ तुला डाग चढवायचा नाही, थिनरने धूळ पुसायची आहे. सुरुवातीच्या मार्कांची गाडी एका भरण्यात जेमतेम शंभर किलोमीटर जायची. मार्क ७च्या हलमध्ये टाक्या वाढवल्या, तरी मीटिऑरची तहान मोठी होती. त्यामुळे अकरा दिवसांत हातांनी, जेरीकॅनने, अंधारात किती वेळा भरलं असेल याचा विचार कर. तेलकट ओले डाग मात्र चाकांच्या हबवर दे, एक-दोन चाकांवर, सगळ्यांवर नको. सील एकाच दिवशी सगळीकडे गळत नाही. आणि किट मार्क ५चं असेल तर मागचा डेक फोटोशी ताडून बघ, टाकीच्या बदलामुळे मार्क ७चा मागचा भाग वेगळा आहे.

तोफेच्या नळीचंही तसंच. वीस पौंडी तोफेच्या नळीवरचा धूर खेचायचा फुगवटा नळीभोवती सगळीकडून सारखा आहे, १०५ मिलिमीटरच्या एल-७ तोफेचा एका बाजूला जास्त. ज्या गाडीचं छायाचित्र तुझ्या हाताशी आहे तिचीच नळी लाव. किटच्या डब्यावरचं चित्र प्रमाण धरू नकोस.

अहिल्यानगरला रणगाडा संग्रहालयात एकदा जाऊन ये. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४मध्ये उभं केलंय. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, पकडलेले पॅटन, विजयंता, सगळं हाताच्या अंतरावर बघता येतं. वेल्डिंगची जाडी, बोल्टांची डोकी, दोरखंडांचा पीळ यांसाठी त्यापेक्षा चांगली शाळा नाही. पण तिथला रंग आणि ट्रॅक उतरवून घेऊ नकोस. त्या गाड्या वरचेवर रंगवतात, ट्रॅकसकट, आणि वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असल्याने त्यांचे ट्रॅक आणि स्प्रिंगा चालत्या गाडीसारख्या नसतात. आकार तिथून घे. धूळ आणि झोल युद्धातल्या फोटोंतून घे.

टरेटवर तू बांधलेलं सामान बाजारातल्या संचातलं दिसतंय, अमेरिकी पिशव्या आणि रेशनची खोकी. ते काढ. आपल्या गाडीवर होल्डॉलमध्ये गुंडाळलेली अंथरुणं असतात, ताडपत्री, जाळी, जेरीकॅन, चहाची काळी पडलेली किटली, तामचिनीचा मग, डेगची. टिश्यू कागद पातळ फेविकॉलमध्ये भिजवून गुंडाळी कर, सुतळीचा एकेक धागा सोडवून त्याने बांध. गुंडाळी वजनाने मधे लवलेली हवी. आणि सामान टरेटच्या फिरण्याच्या आड येणार नाही असं ठेव. लढाईच्या सकाळी क्रू हे सगळ्यांत आधी बघतो.

नावाचं विचारलंस. फामागुस्ता ही सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची गाडी. जन्म पुण्याचा, वय एकवीस. गाडीला गोळा लागून आग लागली, तिच्यातून बाहेर पडायचा आदेश मिळाला, पण तोफ अजून चालतेय म्हणून ते उतरले नाहीत आणि लढता लढता गेले. परमवीर चक्र, मरणोत्तर. हे नाव तू लिहिलंस की ती एका माणसाची गाडी होते, आणि मग नळी, पेट्या, अक्षरांची जागा, प्रत्येक गोष्ट त्या गाडीचीच लागते. तुझ्या किटवर आत्ता तेवढी माहिती जुळलेली नाही. माझं मत विचारशील तर ही गाडी बिननावाची कर, स्क्वॉड्रनची खूण घाल: ए ला त्रिकोण, बी ला चौकोन, सी ला वर्तुळ. तीही धुळीत अर्धी बुडालेली. फामागुस्ता पुढच्या वर्षी कर, सगळे फोटो जमवून, मोजून.

आणि या पहिल्या गाडीला तोफ डागताना दाखवू नकोस. तुझ्याकडे चार आकृत्या आहेत असं म्हणालास. १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता पश्चिम आघाडीवर युद्धबंदी झाली. १८ची सकाळ कर. नाल्याकाठी सरकंड्याचं उंच गवत आहे. फुलझाडूचे तंतू कापून, फिकट पिवळे रंगवून झुबक्यांनी लाव. कडेला पांढऱ्या दोऱ्याची फीत, सुरुंगांतल्या वाटेची, एका जागी तुटून मातीत गेलेली. उजव्या बाजूचा पुढचा पडदा काढून गाडीला टेकवून ठेवलेला, म्हणजे ट्रॅकचा झोल दिसेल. ड्रायव्हर आयडलरपाशी पाना लावून ट्रॅक ताणतोय, दुसरा त्या पान्यावर आपलं वजन टाकतोय. गनर नळीत पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, घालायच्या तयारीत. कमांडर मडगार्डवर बसून मगातला चहा पितोय, त्याच्या बुटांना तीच फिकी माती आणि मांडीवर नकाशा घडी करून. पान्याच्या टोकावर रंग नको, तिथे उघडं पोलाद चमकू दे. पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलंस की पुरतं.